वर्गात मुलाला टार्गेट करतात – तक्रार करू, शाळा बदलू की डॉक्टरकडं नेऊ?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा नववीत, कोल्हापुरातलीच शाळा. लहानपणापासून बोलताना थोडा अडखळतो. जूनपासून वर्गातली चार-पाच पोरं त्याची नक्कल करतात, वाचायला उभा राहिला की मागून आवाज काढतात, त्याचा तोंड उघडं असलेला फोटो काढून व्हॉट्सॲपचा स्टिकर केलाय, दप्तर लपवतात. दिवाळीनंतर रोज सकाळी पोट दुखतं आणि डबा तसाच परत येतो. मिस्टर म्हणतात आमच्या वेळी पण हे व्हायचं, तालमीत घालूया, एकदा एक ठेवून दिली की गप बसतील. सासूबाई म्हणतात दृष्ट काढा. आणि तुम्ही विचारताय की शाळेत तक्रार केली तर त्रास वाढेल का, शाळा बदलू का, आणि डॉक्टरकडं न्यायची वेळ आलीय का.

मी कोल्हापुरातच समुपदेशक म्हणून काम करते, राजारामपुरीत बसते आणि आठवड्यातले काही दिवस शाळांमध्ये असते, त्यामुळं असे पालक दर वर्षी जूननंतर आणि मग दिवाळीच्या सुट्टीनंतर हमखास येतात. मुलाला न बघता मी निदान करणार नाही, आणि बरंच काही शाळा कशी आहे, वर्गशिक्षक किती लक्ष घालतात, मुलाचा स्वभाव काय, यावर अवलंबून असतं. पण मी अशा वेळी विचार कसा करते तेवढं सविस्तर लिहिते, त्यातलं तुम्हाला लागू पडेल ते घ्या.

पहिलं म्हणजे तुमच्या प्रश्नात सगळं लक्ष त्या चार-पाच पोरांवर आहे. साहजिक आहे, आईला राग येणारच. पण माझ्याकडं येणारी मुलं जेव्हा मोकळी बोलायला लागतात तेव्हा त्यांना जास्त काय खुपत असतं माहितीय का, ती चार पोरं नाहीत, बाकीची पन्नास पोरं जी हसली किंवा गप बसली. स्टिकर एकानं केला, पण ग्रुपवर तो सगळ्यांनी बघितला आणि कुणीच काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना मी तसाच वाटतो, असा हिशोब चौदा वर्षांचं डोकं करतं. या वयात मित्र म्हणजे सगळं जग असतं ओ. म्हणून मी मुलाला 'मजबूत' करायच्या मागं आधी लागत नाही, आधी त्याचा एकटेपणा मोडायच्या मागं लागते. खाली जे जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

आता आपल्या गावाबद्दल जरा. कोल्हापुरात चेष्टा हा प्रेमाचाच प्रकार आहे, मित्राला नाव ठेवल्याशिवाय मैत्री पक्की होत नाही. तालमीत, मंडळात, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघताना प्रत्येकाला एक टोपणनाव असतं आणि ते बारशातल्या नावापेक्षा जास्त चालतं. मलाही ते आवडतं, खोटं कशाला सांगू. पण त्याचाच आडोसा घेऊन शाळेत 'चेष्टा होती ओ मॅडम' हे वाक्य इतकं सहज येतं की मुख्याध्यापकसुद्धा मला विचारतात, चेष्टा कुठं संपली आणि छळ कुठं सुरू झाला ते ठरवायचं कसं. यावर डॅन ओल्व्हेस यांचं काम उपयोगी पडतं. नॉर्वेमध्ये १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागं शाळेतला छळ होता असं पुढं आलं आणि १९८३ मध्ये तिथल्या सरकारनं देशभर मोहीम काढली, त्यात हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी तीन गोष्टी बघायला सांगितल्या. मुद्दाम त्रास द्यायचा हेतू आहे का, ते परत परत होतंय का, आणि दोघांची ताकद सारखी आहे का. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मी शिक्षकांना सोप्या भाषेत सांगते, त्या पोरानं उलट तशीच चेष्टा केली तर चालतं का बघा. चालत असेल तर चेष्टा आहे. तो उलट बोलला की पाच जण अंगावर येत असतील तर ती चेष्टा नव्हे. तुमच्या मुलाच्या बाबतीत पाच विरुद्ध एक आहे, तेही ज्या गोष्टीवर त्याचा ताबा नाही त्यावरून. उत्तर स्पष्ट आहे.

मुलींमध्ये हे वेगळं दिसतं म्हणून जाता जाता सांगते, तिथं मारामारी सहसा नसते, ग्रुपमधून काढून टाकणं, वाढदिवसाला एकटीला न बोलावणं, ती आली की सगळ्यांनी एकदम गप होणं असलं असतं आणि शिक्षकांना ते दिसतच नाही. त्रास तेवढाच होतो.

आता घरात काय करायचं. पोट दुखणं खरं असतं, नाटक नसतं, हे आधी मिस्टरांना पटवा. भीती वाटली की आतडी आवळतात, मळमळतं, हे शरीर करतं, मुलगा ठरवून करत नाही. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या म्हणजे दुसरं काही नाही याची खात्री होईल. पण रविवारी संध्याकाळी दुखायला लागतं आणि सुट्टीत दुखत नाही असं असेल तर कारण पोटात नाही. अजून एक बघा, शाळेत तो पाणी पितो का. बाटली भरलेलीच परत येते का. बरीच मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत कारण टॉयलेटला जावं लागू नये, तिथंच पोरं गाठतात. घरी आल्या आल्या आधी बाथरूमकडं पळत असेल तर समजून जा. पालक डबा बघतात, बाटली कुणी बघत नाही.

बोलतं करायचं तर समोर बसवून 'सांग काय झालं, कुणी केलं, तू काय केलंस' असं पोलिसासारखं विचारू नका. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा डोळ्यात डोळे घालून बोलत नाही, शेजारी शेजारी असला की बोलतो. म्हणून मी बाबांना काम देते. संध्याकाळी गाडीवर मागं बसवा, रंकाळ्याला एक चक्कर मारा, भेळ खा, आणि शाळेचा विषयच काढू नका. पहिल्या दोन-तीन वेळा काही होणार नाही. मग कधीतरी गाडी चालू असताना मागून एक वाक्य येईल. तेव्हा गाडी थांबवून 'काय? कोण तो?' असं ओरडायचं नाही, नुसतं 'हं, मग?' म्हणायचं. एवढ्यावर पोरं बरंच सांगून टाकतात. आणि सांगितल्यावर 'तू लक्ष देऊ नको', 'तू पण काहीतरी केलं असशील', 'मुलगा असून रडतोस' ही तीन वाक्यं घरात बंद. त्याऐवजी 'तू सांगितलंस ते बरं केलंस, हे चुकीचंच आहे आणि यात तुझी चूक नाही' एवढंच. सल्ला नंतर.

आणि एक पथ्य, त्यानं सांगितलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही तडक शाळेत जायचं नाही. मुलं घरी का सांगत नाहीत याचं पहिलं कारण हेच असतं, आई शाळेत येऊन तमाशा करेल. आधीच शाळेत त्याच्या हातात काही नाही, घरीपण त्याला न विचारता निर्णय झाले तर तो पुढच्या वेळी तोंडच उघडणार नाही. म्हणून त्याच्याबरोबर ठरवा, कुणाला सांगायचं, काय सांगायचं, काय नाही सांगायचं. पण मार, पैसे उकळणं, लैंगिक काही किंवा जिवाला धोका असेल तर त्याच्या परवानगीची वाट बघायची नाही, हेही त्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवा, फसवल्यासारखं वाटायला नको.

माझ्याकडं मूल आलं की मी एक गोष्ट करते ती तुम्ही घरी पण करू शकता. कोरा कागद द्यायचा आणि वर्ग काढायला सांगायचा. बाकं, फळा, दार, खिडक्या, कोण कुठं बसतं. मग विचारायचं त्रास कोण देतं, तिथं एक खूण. कोण हसतं, तिथं दुसरी. एक मुलगा होता, ओळखीच्या खुणा बदलून सांगते, त्यानं भराभर सगळ्या वर्गावर हसण्याच्या खुणा केल्या, जवळजवळ प्रत्येक बाकावर, आणि खिडकीजवळच्या एका बाकापाशी पेन थांबलं. म्हणाला, हा हसत नाही मॅडम, हा वहीत बघतो. मग अजून एक सापडला, मग एक मुलगी, तिनं एकदा लपवलेली पेन्सिल बॉक्स गुपचूप आणून दिली होती आणि तो ते विसरूनच गेला होता. 'सगळा वर्ग माझ्यावर हसतो' पासून 'तिघं हसत नाहीत' इथपर्यंत तो अर्ध्या तासात आला. आम्ही वर्गशिक्षिकेला एवढंच सांगितलं की कुणाला काही न बोलता बाकं बदला आणि विज्ञानाच्या प्रोजेक्टला याची आणि खिडकीजवळच्या त्या मुलाची जोडी लावा. त्या त्रास देणाऱ्या पोरांशी शाळेनं नंतर बोलून घेतलं, पण मुलाचं जेवण परत सुरू झालं ते त्या बाकामुळं.

हे मी मनानं करत नाही. फिनलंडमध्ये 'किवा' नावाचा छळविरोधी कार्यक्रम शाळांमध्ये चालतो, त्याचा सगळा जोर बघ्या पोरांवर आहे, कारण त्रास देणाऱ्याला प्रेक्षक लागतात, टाळ्या बंद झाल्या की त्याचा शो पडतो. आणि कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून बघितलं होतं, २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, तर जेव्हा दुसरं मूल मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, नेमकं ५७ टक्के वेळा, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. पण मध्ये पडणारी मुलं फार कमी होती. म्हणजे ताकद तिथं आहे, वापरली जात नाही.

त्याच कागदावर दुसरं काम म्हणजे दिवसाचा नकाशा. रिक्षा, प्रार्थनेच्या आधीची दहा मिनिटं, तासिका, मधली सुट्टी, पीटी, परतीची रिक्षा. कुठं धोका जास्त? सहसा तासिका चालू असताना तो कमी असतो, मोठं माणूस जवळ नसतं तिथं जास्त असतो. यावरून शाळेला नेमकं सांगता येतं की मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी उभं राहा. आणि रिक्षावाल्या मामांना विचारा बरं एकदा. शाळेत काय चाललंय ते मुख्याध्यापकांच्या आधी रिक्षावाले मामा आणि शिपाई मावशींना माहिती असतं.

आता शाळेत तक्रार. हो, अर्धवट केली तर त्रास वाढू शकतो, तुमची भीती खोटी नाही. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे बाईंनी वर्गात येऊन मुलाचं नाव घेऊन लेक्चर देणं, 'याला कोण चिडवतं रे, उभे राहा'. त्या दिवसापासून तो 'चुगलखोर'. दुसरा वाईट प्रकार म्हणजे दोघांना ऑफिसमध्ये समोरासमोर उभं करून 'चला, हात मिळवा, मित्र व्हा'. भांडणात दोघं बरोबरीचे असतात तिथं समेट चालतो, इथं एकजण दुसऱ्याला घाबरतोय, तो तिथं हात मिळवणारच आणि बाहेर आल्यावर मार खाणार. हे दोन्ही करू नका असं शाळेला तुम्हीच आधी सांगा, सांगायला लाजू नका.

आधी वर्गशिक्षकांना एकटं भेटा, शाळा सुटल्यावर, वेळ मागून. बरोबर एक साधी वही न्या, त्यात तारीख, जागा, काय झालं, कोण होतं. 'माझ्या मुलाला सगळे त्रास देतात' म्हणालात तर उत्तर 'बघतो' असंच मिळतं. 'मंगळवारी मधल्या सुट्टीत दप्तर मुलांच्या टॉयलेटच्या मागं सापडलं, अमुक दोघं तिथं होते' म्हणालात की शाळेला काहीतरी करावंच लागतं. मागायचं काय तेही ठरवून जा. बाक बदलणं, सुट्टीत लक्ष ठेवणं, त्या पोरांशी एकेकट्याला बोलणं, स्टिकर काढून टाकायला लावणं, आणि दोन आठवड्यांनी परत भेट. आठ-दहा दिवसांत हललं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या, आवक नंबर घातलेली. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, तक्रारपेटी असायला पाहिजे, राज्य सरकारनं २०२२ मध्ये शाळेशाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती करायला सांगितलीय तिच्याकडंही जाता येतं, शाळा सीबीएसईची असेल तर २०१५ पासून त्यांना छळविरोधी समिती नेमायच्या सूचना आहेत. त्याच्यावर जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी. पण खरं सांगू का, बहुतेक प्रकरणं समजूतदार वर्गशिक्षक असेल तर पहिल्याच पायरीवर मिटतात, आणि तसा नसेल तर समित्यांची नावं घेऊनही वेळ लागतो.

शिक्षकच नक्कल करत असतील किंवा ते चिडवायचं नाव वापरत असतील, तेही घडतं, तर ते वेगळं प्रकरण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला मनाई आहे, तो कायदा आठवीपर्यंतचा आहे, पण मूल नववीला गेल्यावर ते चालतं असं शाळेनं समजायचं कारण नाही. आणि होस्टेलला असणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी, राजर्षी शाहूंनी वसतिगृहं काढली म्हणून कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, आजही खेड्यापाड्यातली पोरं इथं राहून शिकतात आणि रात्रीचा त्रास घरच्यांना कळतसुद्धा नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे, तो वसतिगृहांनाही लागू आहे, आणि लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. छळ जातीवरून असेल किंवा लैंगिक असेल तर मात्र ते शाळेपुरतं राहत नाही, तिथं अ‍ॅट्रॉसिटी आणि पोक्सोसारखे कायदे येतात, तेव्हा वकिलांचा किंवा १०९८ चाइल्डलाइनचा सल्ला घ्या.

त्या पोरांच्या पालकांना फोन करू का, असं पुढं विचारालच. करू नका. पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात लिहू नका, तिथं रात्री दहापर्यंत दोन पार्ट्या पडतात आणि मुलाचं नाव सगळ्या शाळेत होतं. शाळेमार्फतच जा. आणि ती पोरंही कुणाचीतरी पोरं आहेत, त्यांच्यातला एखादा घरी पट्ट्याचा मार खाऊन आलेला असतो. म्हणून माफ करा असं नाही म्हणत, पण त्यांना आयुष्यातून उठवणं हा आपला उद्देश नाही.

स्टिकर आणि फोनबद्दल. डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असा. मग रिपोर्ट आणि ब्लॉक. मुलाचा फोन काढून घेऊ नका, त्याला ती शिक्षा वाटते, आणि जे एखाद-दोन मित्र उरलेत तेही त्यातच असतात. रात्री झोपताना फोन बाहेरच्या खोलीत, हा नियम मात्र ठेवा आणि तुमचाही ठेवा. कुणी अश्लील फोटो जोडून काही बनवलं असेल तर ते शाळेला दाखवायला म्हणूनसुद्धा कुणालाही फॉरवर्ड करायचं नाही, अल्पवयीन मुलाचं तसलं चित्र पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन आहे तसा घेऊन सायबर पोलिसांकडं जा.

आता मिस्टरांचं. त्यांना चूक ठरवू नका, त्यांना पोराला वाचवायचंय, त्यांना तोच एक मार्ग माहिती आहे. उलटं मारण्यात अडचण अशी की पाच जणांपुढं एकटा हात उचलतो तेव्हा पुढचा मार मोठा असतो, आणि बाईंना पहिली चापट कधी दिसत नाही, दुसरी बरोबर दिसते. ज्याच्यावर सहा महिने अन्याय झाला तोच मग ऑफिसबाहेर उभा. पण तालीम? तालमीत जरूर घाला की. मारायला शिकावं म्हणून नव्हे, तिथं त्याला चार नवी माणसं भेटतील, वस्ताद पाठीवर थाप देतील, आणि त्याचं अडखळणं हा तिथं विषय नसेल म्हणून. त्याला कुस्ती नको असेल तर फुटबॉल, तबला, पोहणं, ट्रेकिंगचा ग्रुप, काहीही, फक्त शाळेतली पोरं नसलेलं आणि आठवड्यातून दोन-तीनदा जायचं असं. शाळेत शून्य असलेल्या मुलाला कुठंतरी दुसरीकडं 'आलास व्हय, ये' म्हणणारं कुणी असलं की तो तग धरतो. मिस्टरांची कल्पना बरोबर आहे, फक्त त्यामागचं कारण बदला.

अडखळण्याबद्दल दोन शब्द. ते भीतीमुळं किंवा कमी हुशारीमुळं होत नाही, बऱ्याचदा घराण्यात असतं, मुलग्यांमध्ये जास्त दिसतं. पण भीती असली की वाढतं, आणि नक्कल होते म्हणून मूल बोलणंच टाळायला लागतं, ते जास्त नुकसानीचं. घरी त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, 'सावकाश बोल' असंही सारखं म्हणू नका, तो बोलून होईपर्यंत थांबा, बस. वाचा उपचार तज्ज्ञांना एकदा दाखवा. आणि वर्गशिक्षकांना सांगा की त्याला अचानक उठवून मोठ्यानं वाचायला लावू नका, आदल्या दिवशी उतारा सांगा किंवा तोंडी परीक्षा एकट्याची घ्या. त्रास देणाऱ्यांचा अर्धा दारूगोळा तिथंच संपतो.

सुट्टी द्यायची का? एखाद-दोन दिवस हरकत नाही. पण पंधरा दिवस घरी ठेवलं तर दर दिवशी परत जाणं जास्त अवघड होतं, कारण न गेल्यावर जी सुटका वाटते तीच सवय लावते. जाणं थांबलंच असेल तर शाळेशी बोलून हळूहळू सुरू करा, आधी दोन आवडत्या तासिका, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. मात्र शाळेनं काहीच केलेलं नसताना त्याला नुसतं धैर्य धरून जा म्हणणं चुकीचं आहे.

शाळा बदलणं. मी याच्या विरोधात नाही, पण पहिला उपाय म्हणून नको. नववीच्या मध्यावर बदललं तर दहावीच्या तोंडावर नवीन मित्र, नवीन शिक्षक, आणि त्याच्या डोक्यात राहतं की मला पळून जावं लागलं. लेखी देऊन, भेटून, दीड-दोन महिने झाले तरी शाळा 'चेष्टा आहे' वरच अडून बसली असेल किंवा मारहाण होत असेल तर खुशाल बदला, तेव्हा वर्ष वगैरे बघू नका. बदलायची तर निर्णयात तो पाहिजे, दोन-तीन शाळा त्यानं स्वतः बघितलेल्या पाहिजेत, आणि कोल्हापूर तसं लहानच आहे, नव्या शाळेत जुन्यातला कुणीतरी ओळखीचा निघतोच, हेही आधी बोलून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे कृपा करून टाळू नका. त्याला थेट विचारा, 'तुला कधी असं वाटतं का की नको हे सगळं, मरून जावं?' विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येत नाही, हे नक्की झालेलं आहे, उलट बऱ्याच मुलांना सुटल्यासारखं वाटतं की कुणीतरी विचारलं. 'मी नसलो तर तुमचा त्रास वाचेल' असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, उकाड्यातही फुल शर्ट घालून हात झाकणं, आणि बरेच दिवस उदास असलेलं मूल एकदम शांत होणं, यातलं काही दिसलं तर त्याला एकटं ठेवायचं नाही. घरातली औषधं, आणि शेती असेल तर तणनाशक-कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात किंवा सरळ घराबाहेर, तो प्रसंग सहसा काही मिनिटांचा असतो आणि त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर बरंच ठरतं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं, पालकांनी केला तरी चालतो. त्यानं 'हो' म्हटलं आणि कसं करायचं तेही ठरवलेलं असेल तर फोनवर थांबू नका, त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

तेवढं गंभीर नसेल तरी तज्ज्ञाकडं कधी जायचं? दोन आठवड्यांहून जास्त, बहुतेक दिवस, झोप किंवा भूक बिघडलेली, आवडायचं ते नकोसं झालेलं, सारखी चिडचिड (या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं, धाकट्या बहिणीवर विनाकारण ओरडणं वगैरे), मार्क घसरलेले, शाळा चुकवणं, तर जा. तुम्ही लिहिलंय त्यावरून दिवाळीपासून भूक आणि पोट दोन्ही आहे, म्हणजे मी तुमच्या जागी असते तर आता वाट बघितली नसती. समुपदेशक त्याच्याशी बोलून विचार, भीती, प्रसंगाला उत्तर कसं द्यायचं यावर काम करतो, आठवड्याला एक भेट, साधारण दोन-तीन महिने. गोळ्या लागतील का हे फक्त मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात, बहुतेक मुलांना लागत नाहीत, लागल्या तर घाबरायचं नाही आणि मनानं बंदही करायच्या नाहीत. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देणं तर अजिबात नाही.

दृष्ट काढायची असेल तर काढा, सासूबाईंनी नातवाच्या डोक्यावरून मीठ-मोहरी उतरवली तर त्यात प्रेमच आहे. त्याच बरोबर दवाखानाही.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत पण अडचण असते म्हणून लिहिते, सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, आणि तिथं ओळखीचं कुणी दिसेल याची काळजी करू नका, दिसलं तर तेही दाखवायलाच आलेत. खाजगीत जाणार असाल तर फोनवर आधी विचारा की किशोरवयीन मुलांबरोबर काम करता का, आणि मुलाशी काही वेळ एकट्यानं बोलता का, कारण आई-बाबा समोर बसलेले असताना हा वयोगट 'सगळं ठीक आहे' एवढंच बोलतो. तो यायला तयार नसेल तर ओढून नेऊ नका, पहिल्या भेटीला तुम्ही दोघंच जा, आम्हाला ते चालतं, सुरुवात तशीही होते. मिस्टर आले तर फार बरं. वही आणि त्यानं काढलेला वर्गाचा कागद बरोबर न्या, पण त्याला विचारून.